ग्रह वर यायला हवा

लीड्सला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, २०२० च्या ऑक्टोबरात फोन आला. विषय होता गुरू. (ग्रह. आध्यात्मिक नव्हे.) मी नगरच्या गच्चीवरून काढलेला गुरूचा फोटो त्याला पाठवला होता आणि तो चक्क चिडला होता.

"माझी दुर्बीण दहा इंची, तुझी सहा इंची. माझा कॅमेरा तुझ्या अख्ख्या दुर्बिणीपेक्षा महाग. आणि पट्टे दिसतात ते तुझ्या गुरूवर! माझा गुरू म्हणजे पाण्यात पडलेलं लिंबू. हे काय गौडबंगाल आहे?"

मी म्हटलं, "दादा, तू नकाशावर फार वर राहतोस, म्हणून तुझे ग्रह खाली राहिले."

त्याला वाटलं मी टोमणा मारतोय. पण टोमणा नव्हता, भूगोल होता. फोनवर उत्तर अर्धवटच राहिलं. नंतर त्या निमित्ताने वाचत गेलो तेव्हा कळलं की दीडशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांनी नेमक्या याच कारणासाठी दुर्बिणी जहाजात घालून समुद्र ओलांडले होते. ज्याच्यासाठी त्यांनी एवढी यातायात केली ते आपल्याला नगरमध्ये जन्मतःच मिळालेलं आहे. निदान वर्षातले काही महिने तरी. तेच सगळं इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी साधी गोष्ट. मावळतीचा सूर्य आपण डोळ्यांनी बघू शकतो, दुपारचा नाही. सूर्य तोच, मधली हवा वेगळी. डोक्यावरून येणारा प्रकाश हवेचा थर सरळ छेदून येतो, क्षितिजाकडून येणारा तिरपा, लांबच्या वाटेने येतो. डोक्यावरच्या वाटेला १ धरलं तर ग्रह ४५ अंशांवर असताना ती वाट १.४ होते, ३० अंशांवर २, २० अंशांवर जवळजवळ ३ आणि १० अंशांवर साडेपाचच्या वर. २०२० च्या त्या ऑक्टोबरात गुरू आकाशाच्या पार दक्षिणेकडच्या भागात होता. नगरहून तो जास्तीत जास्त ४८ अंशांपर्यंत चढत होता. लीड्सहून १३-१४ अंश. म्हणजे दादाची दहा इंची दुर्बीण माझ्यापेक्षा तिप्पट हवेतून बघत होती.

बरं, ही हवा नुसती प्रकाश खात नाही. ती हलते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पलीकडचा माणूस थरथरताना दिसतो ना, तसंच. थर जितका जाड तितकी थरथर जास्त. आणि तिसरी खोडी म्हणजे हवा लोलकासारखी वागते. प्रकाश तिरपा आत शिरला की वाकतो, पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा जास्त वाकतो, तांबडा कमी. ग्रह ३० अंशांवर असेल तर निळ्या आणि तांबड्या प्रतिमेत ढोबळमानाने दोन विकलांचं अंतर पडतं. दोन विकला म्हणजे किती? आठ इंची दुर्बीण साधारण ०.६ विकलांचा बारकावा दाखवू शकते. म्हणजे भिंगाने-आरशाने जे कमावलं त्याच्या तिप्पट हवेने गमावलं. खाली असलेल्या ग्रहाला एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला तांबडी झालर दिसते ती यामुळे. नवीन दुर्बीण घेतलेले लोक झालर बघून दुकानदाराला शिव्या घालतात. त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

यावर कोणी म्हणेल, मग डोंगरावर जा. नगरकरांना डोंगर सांगायला नकोत. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई आपल्याच अकोले तालुक्यात, १६४६ मीटर. नगर शहर साधारण ६५० मीटरवर. मी एकदा हिशोब मांडला. नगरहून कळसूबाईच्या माथ्यावर गेलं तर डोक्यावरची हवा दहा-अकरा टक्क्यांनी कमी होते. (धूळ आणि दिवे मागे राहतात तो फायदा वेगळा.) पण तुम्ही घरीच बसून ग्रह २० अंशांवरून ६० अंशांवर येईपर्यंत थांबलात तर मधली हवा तीनवरून सव्वाच्याही खाली येते. म्हणजे निम्म्याहूनही कमी! पाठीवर दुर्बीण घेऊन शिड्या चढण्यापेक्षा ग्रहाला चढू देणं केव्हाही स्वस्त.

ही उंची आपल्याकडे फार जुन्या काळापासून मोजत आले आहेत. उन्नतांश म्हणतात तिला. क्षितिज शून्य, डोक्यावरचा बिंदू नव्वद. हिशोबही सोपा आहे. नव्वदातून आपल्या गावाचा अक्षांश वजा करा, मग ग्रहाची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, उत्तरेला असेल तर मिळवा, दक्षिणेला असेल तर वजा करा. ग्रह याम्योत्तरावर आला की त्याची उंची तेवढी. नगरचा अक्षांश १९.१. त्या गुरूची क्रांती दक्षिणेला साडेबावीसच्या आसपास होती. करा वजाबाकी, आले ४८. बेरीज नव्वदाच्या वर गेली तर घाबरू नका, ग्रह डोक्यावरून पलीकडे उत्तरेला कलला एवढाच त्याचा अर्थ.

हे उन्नतांश मोजायला मोठमोठ्या भिंती बांधलेल्या असत. काशीच्या मानमंदिर वेधशाळेत उत्तर-दक्षिण उभी अशी एक भिंत आहे, भित्तियंत्र. या वेधशाळेतल्या यंत्रांचं वर्णन १८६० च्या दशकात लिहून प्रसिद्ध केलं ते बापूदेव शास्त्री यांनी. बापूदेवांचा जन्म १८२१ चा, पुण्यातला, पण त्यांचं मूळ घराणं आपल्या नगर जिल्ह्यातलं, गोदाकाठच्या टोक्याचं. नागपूर, सिहोर असं शिकत शिकत ते १८४२ साली काशीच्या संस्कृत कॉलेजात गेले आणि तिथेच गणित-ज्योतिष शिकवत राहिले. आपल्याकडचा माणूस काशीत बसून ग्रहाची उंची मोजणाऱ्या भिंतीवर लिहितो, आणि आपल्याला शाळेत त्याचं नावही कोणी सांगितलेलं नसतं. असो.

आता १८७७ सालाकडे येऊ. त्या वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला होता. पण मंगळाची एक मोठी गैरसोय आहे. त्याची कक्षा बरीच लंबवर्तुळी. ज्या प्रतियुतीला (म्हणजे सूर्य एका बाजूला, मंगळ दुसऱ्या बाजूला आणि आपण मध्ये) तो सगळ्यात जवळ येतो ती नेहमी जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान पडते. आणि त्या दिवसांत सूर्यासमोरचा आकाशाचा भाग दक्षिणेकडे असतो. हे समजायला दुर्बीण नको, पौर्णिमेचा चंद्र पुरतो. तोही सूर्यासमोरच असतो. दत्तजयंतीचा चंद्र मध्यरात्री बरोबर डोक्यावर येतो की नाही? आणि वटपौर्णिमेचा, गुरुपौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून खालून खालून निघून जातो. मंगळ जवळ येतो तो नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. म्हणजे मंगळ जेव्हा मोठा दिसायचा तेव्हाच युरोपात तो झाडांच्या शेंड्यांवर!

१८७७ साली मिलानमध्ये शियापरेल्ली पावणेनऊ इंची दुर्बिणीतून मंगळ बघत होता. तिथे मंगळ ३२ अंशांच्या आसपास चढत होता. त्याने मंगळावर रेघा काढल्या आणि त्यांना इटालियनमध्ये 'कानाली' म्हटलं. इंग्रजीत त्याचे कॅनॉल झाले, म्हणजे आपल्या भाषेत पाट. पुढे अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेलने त्यावर सगळी कथा रचली : मंगळ सुकत चाललाय आणि तिथले शहाणे लोक ध्रुवावरचं बर्फाचं पाणी पाटाने शेतीला आणतायत. नगर जिल्ह्यातल्या माणसाला ही कथा फार जवळची वाटावी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, आणि प्रवरेच्या पाटाच्या पाण्यावरून कोणाला किती आवर्तनं ही चर्चा अजून चालू आहे. फक्त आपले पाट खरे आहेत.

त्याच १८७७ साली नथॅनिएल ग्रीन नावाच्या इंग्रज गृहस्थाने वेगळं केलं. हा पेशाने चित्रकार, ग्रह बघायचा ते हौस म्हणून. त्याने आपली तेरा इंची दुर्बीण उचलली आणि थेट मदिरा बेटावर नेली. कारण? लंडनहून मंगळ २६ अंशांवर, मदिराहून ४५ वर. एवढंच. हवा दोन-सव्वादोनपट होती ती दीडपटीच्याही खाली आली. ग्रीनने काढलेल्या मंगळाच्या चित्रांत ताठ रेघा नाहीत. मऊ छटा आहेत, एकातून दुसरीत विरघळणाऱ्या. नंतर दोघांच्या चाहत्यांत बरीच वादावादी झाली. केवळ उंचीमुळे हा फरक पडला असं मी म्हणणार नाही, डोळा, हात आणि दुर्बीण सगळंच वेगळं होतं. पण १९०९ साली अँटोनियाडीने पॅरिसजवळच्या म्यूदाँच्या ८३ सेंटीमीटरच्या दुर्बिणीतून, हवा अगदी निवांत असताना मंगळ पाहिला तेव्हा त्या रेघांचे तुकडे-तुकडे, ठिपके-ठिपके झाले. चित्रकाराचा मंगळच खऱ्याच्या जवळचा निघाला.

तिसरा माणूस डेव्हिड गिल. तो त्याच वर्षी विषुववृत्ताखालच्या असेन्शन बेटावर गेला. तिथून मंगळ जवळजवळ डोक्यावर, ८६ अंशांपर्यंत जात होता. गंमत म्हणजे गिलला मंगळ डोक्यावर नकोच होता! त्याला पृथ्वी ते सूर्य अंतर काढायचं होतं, आणि त्यासाठी मंगळाची जागा एकदा संध्याकाळी पूर्वेला असताना आणि एकदा पहाटे पश्चिमेला असताना मोजायची होती. रात्रभरात पृथ्वी आपल्याला जितकं लांब फिरवेल तितकं बरं, म्हणून विषुववृत्ताजवळची जागा. म्हणजे बघायला ग्रह वर हवा आणि अशा मोजमापाला बाजूला हवा.

त्याची बायको इझोबेल बरोबर होती. बेटावर पोचल्यावर पहिल्या मुक्कामी रोज रात्री एक ढग येऊन डोक्यावर बसू लागला. मंगळ जवळ येतोय, दिवस चाललेत आणि वर ढग. शेवटी इझोबेल रात्री लाव्हाच्या खडकांतून चालत दक्षिण किनाऱ्याकडे गेली आणि तिला आढळलं की तो ढग फक्त त्यांच्याच डोक्यावर आहे, किनाऱ्यावर आकाश स्वच्छ आहे. मग सगळा तळ उचलून तिकडे हलवला. त्या जागेला पुढे मार्स बे नाव पडलं. या मोहिमेवर तिने लिहिलेलं पुस्तक १८७८ साली निघालं. मोहीम नवऱ्याच्या नावावर आहे, पण ती वाचवली बायकोने, असं माझं मत. (आमच्या घरी हे मत मोठ्याने मांडल्यावर चहा जरा लवकर मिळाला.)

यानंतर दक्षिणेकडे जाणं हा शिरस्ताच झाला. १८९२ साली मंगळ आणखी खाली गेला. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेची छत्तीस इंची दुर्बीण तेव्हा जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण, पण तिला मंगळ २९ अंशांवर. पेरूतल्या आरेकिपाहून तो ८२ अंशांवर, आणि तिथे विल्यम पिकरिंग बसला होता. १९०७ साली मंगळाची क्रांती दक्षिणेला २८ अंश. लॉवेलने स्वतःची वेधशाळा ॲरिझोनात असूनही पैसे घालून डेव्हिड टॉड आणि अर्ल स्लायफर यांना अठरा इंची दुर्बिणीसह चिलीच्या वाळवंटात आलियान्झाला पाठवलं. तिथून त्यांनी मंगळाचे हजारो छोटे छोटे फोटो काढले. त्यातला मंगळ चिमुकला, पण डोक्यावरचा.

नकाशा काढून बघा. आलियान्झा विषुववृत्ताच्या खाली साधारण वीस अंशांवर. नगर विषुववृत्ताच्या वर १९ अंशांवर. आरशात बघितल्यासारखं. दक्षिणेकडचे ग्रह त्यांच्या डोक्यावर, उत्तरेकडचे आपल्या. आणि जे दक्षिणेकडचे तेही आपल्याला पंचेचाळीस अंशांच्या आसपास मिळतात, लीड्सला अकरा. ग्रह राशीचक्रातच फिरतात, आणि राशीचक्राचा सगळ्यात उत्तरेकडचा भाग नगरच्या डोक्याच्या किंचितच पलीकडून जातो. म्हणजे कुठलाच ग्रह आपल्याला कधी फार खाली राहत नाही.

मग आरेकिपाला, आलियान्झाला गेलेले लोक नगरला का आले नाहीत? कारण तिकडे वाळवंट आणि इकडे पावसाळा. मंगळ जवळ यायचा तो आषाढ-श्रावण-भाद्रपदात. अक्षांशाने दिलं आणि पावसाने नेलं. पुण्यात १८८८ ते १९१२ या काळात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती, वीस इंची आरशाची दुर्बीण, तेव्हाची भारतातली सगळ्यात मोठी. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला ती चालवत, आणि त्यांचा मुख्य रोख ग्रहांपेक्षा वर्णपटाकडे होता. ती दुर्बीण १९१२ नंतर कोडईकनालला गेली. आजही आपल्या अगदी शेजारी, जुन्नरच्या बाजूला गिरवलीला आयुकाची दोन मीटरची दुर्बीण आहे, २००६ साली सुरू झालेली. अक्षांश जवळजवळ नगरचाच. पावसाळ्यात तिथलंही निरीक्षण बंद असतं.

हिवाळ्यात मात्र जग इकडे आलेलं आहे. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण बघायला लिक वेधशाळेचे कॅम्बेल आणि पुण्याहून नायगमवाला, दोघांनी तळ टाकला तो जेऊरला. (नगरजवळचं जेऊर नव्हे, कर्जतच्या शेजारच्या करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशनचं जेऊर.) जानेवारीतलं दख्खनचं आकाश किती भरवशाचं असतं हे त्यांना माहीत होतं.

आता आमच्या गच्चीवरचा इतिहास. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला, जवळजवळ साठ हजार वर्षांतला सगळ्यात जवळ. बिंब २५ विकलांचं. नगरहून ५५ अंशांवर. म्हणजे सगळं जुळून आलं होतं. मी, बाबा आणि समोरचे दोघे-तिघे रात्री दहापासून गच्चीवर. ढगांच्या फटीतून दहा-बारा मिनिटं मंगळ मिळाला, तेवढ्यात पांढरी ध्रुवटोपी दिसली, मग भुरभुर सुरू झाली आणि दुर्बिणीवर प्लास्टिक टाकून आम्ही खाली आलो. मंगळ नीट दिसला तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला, बिंब वीस-एकवीस विकलांवर आल्यानंतर.

२०१८ च्या जुलैअखेरीस पुन्हा तेच. बिंब २४ विकलांचं, नगरहून ४५ अंशांवर, लीड्सहून अकरा. इथे ढग, आणि त्यातून मंगळावरही धुळीचं वादळ, सगळा ग्रह झाकून टाकणारं. म्हणजे दोन्हीकडून पडदा.

पण २०२०! १३ ऑक्टोबर २०२० च्या प्रतियुतीला मंगळाचं बिंब २०१८ पेक्षा थोडं लहान, साडेबावीस विकलांच्या जवळपास. वर्तमानपत्रात त्याचा फारसा गाजावाजा नव्हता कारण 'साठ हजार वर्षांत' असं काही छापता येत नव्हतं. पण क्रांती उत्तरेला साडेपाच अंश. म्हणजे नगरहून ७६ अंश! कोजागिरीच्या चंद्रासारखा. पाऊस परतीच्या वाटेवर, हवा धुऊन निघालेली. सहा इंचीतून मला काळे डाग, ध्रुवटोपी, कडेचा निळसर धूसरपणा असं सगळं दिसलं, आणि आजवरचा माझा सगळ्यात चांगला मंगळाचा फोटो त्याच आठवड्यातला आहे. लीड्सहूनही तो तेव्हा एक्केचाळीस अंशांवर होता आणि दादानेही त्याचा सगळ्यात चांगला मंगळ तेव्हाच काढला. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच. त्याच्या त्या 'लिंबा'पेक्षा ग्रह नुसता अठ्ठावीस अंश वर आला होता.

ज्यांना फोटो काढायचेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. ग्रह याम्योत्तरावर येण्याच्या आधी-नंतरचा एकेक तास सोडू नका, बाकी वेळी चहा प्या. दुपारी तापलेली स्लॅब आणि पत्र्याची छपरं रात्री उष्णता सोडत राहतात, खालच्या ग्रहाचा प्रकाश नेमका त्या छपरांवरून येतो, म्हणून गच्चीपेक्षा गवत किंवा माती बरी. ग्रह खालीच असेल तर दोन उपाय आहेत. एक म्हणजे एडीसी, दोन पातळ लोलकांची जोडी, जी हवेने पसरवलेले रंग परत एकत्र आणते. दुसरा, अवरक्त फिल्टर लावून एकरंगी फोटो, कारण लांब तरंगलांबीला थरथर कमी जाणवते. आणि फोटो म्हणजे एक फोटो नव्हे, व्हिडिओ. २००२-०३ च्या सुमाराला लोक साधे वेबकॅम दुर्बिणीला लावायचे आणि रजिस्टॅक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने हजारो चित्रांतली चांगली तेवढी निवडून एकावर एक रचायचे. तत्त्व आजही तेच. हवा मधूनच क्षणभर थांबते, तो क्षण पकडायचा. ग्रह वर असला की असे क्षण जास्त मिळतात. फार वर असला तर त्रासही आहे. डॉब्सोनियनवाल्यांना अगदी डोक्यावरचा ग्रह धरून ठेवणं म्हणजे डोकेदुखी, आणि साध्या भिंगाच्या दुर्बिणीत मान मोडते. पण हा त्रास श्रीमंतीचा.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे. नगर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि हिवाळाभर चालतो. थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगत चादरीसारखा पसरतो. आमच्या गावाकडच्या शेतातून दक्षिणेला एका कारखान्याचं धुराडं दिसतं, तिकडच्या क्षितिजावर वीस अंशांपर्यंत काही बघायचं नाही हे आम्ही मान्य केलेलं आहे. पण नेमक्या त्याच महिन्यांत सूर्यासमोर येणारे ग्रह डोक्यावर असतात. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२६ च्या गुरूच्या प्रतियुती अशाच, नगरहून ८७ अंश. धूर खाली, गुरू वर. कोणाचं कोणाशी भांडण नाही.

शेवटी शनी. शनीबद्दल नगर जिल्ह्यातल्या माणसाने बोललंच पाहिजे. नेवासे तालुक्यात शिंगणापूरला शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, वर छप्पर नाही. लहानपणी बाबांबरोबर गेलो तेव्हा मी विचारलं होतं की देवाला ऊन लागत नाही का. त्याचं उत्तर काय मिळालं ते आठवत नाही. पण ज्या देवाचा ग्रह आकाशात आहे त्याच्यावर छप्पर नसावं हे मला आता फार योग्य वाटतं.

शनीला एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. एका राशीत अडीच वर्षं, तीन राशी म्हणजे साडेसाती, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच हिशोबाचं दुसरं टोक कोणी सांगत नाही. आकाशातल्या खऱ्या तारकासमूहांचं म्हणायचं तर, शनी वृश्चिक-धनूत असला की खाली आणि वृषभ-मिथुनात असला की डोक्यावर. २०१७-१८ साली तो खाली होता, आणि त्याच्या प्रतियुती जूनमध्ये, म्हणजे आपल्याकडे पाऊस. त्याउलट ३१ डिसेंबर २००३ ची प्रतियुती. क्रांती उत्तरेला साडेबावीस, नगरहून ८७ अंश, कडी पुरेपूर उघडलेली, शनी सूर्याच्याही जवळ. थंडीतलं कोरडं आकाश. त्या रात्री जग नवीन वर्षाचे फटाके उडवत होतं आणि आम्ही गच्चीवर माना वर करून बसलो होतो. बाबा तेव्हा सत्तरीचे. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हा एवढा शांत आहे, आणि लोक याला घाबरतात." बाबांनी शनी त्यानंतरही पाहिला, पण वर्षावर्षाला तो खाली उतरत गेला. पुन्हा डोक्यावर आलेला त्यांना बघायला मिळाला नाही.

साडेएकोणतीसचा भागाकार करून बघा. शनी डोक्यावर आणि कडी पूर्ण उघडी असा योग एका आयुष्यात दोनदा, फार तर तीनदा. त्यातला एखादा लहानपणी जातो, तेव्हा कोणी दाखवत नाही, आणि एखादा म्हातारपणी, तेव्हा जिना चढवत नाही. मोठी दुर्बीण पैसे साठवून घेता येते, ही उंची विकत मिळत नाही, तिची वाटच बघावी लागते. किंवा ग्रीनसारखं जहाजात बसावं लागतं.

पुढचा योग २०३२ च्या डिसेंबरात आहे, नाताळच्या आगेमागे. नगरहून पुन्हा ८७ अंशांच्या जवळपास, कडी पुन्हा पूर्ण उघडलेली. आणि मंगळ सप्टेंबर २०३५ ला, साडेचोवीस विकलांचा, आपल्याकडून ६३ अंशांवर. पाऊस तेव्हा अगदी संपलेला नसेल, पण नगर जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्यावर घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळत असतं तेव्हा पाथर्डी-जामखेडला लोक ढगांकडे आशेने बघत असतात. तिथल्या शेतकऱ्याला पाऊस हवाच, मलाही तो त्याच्यासाठी हवा आहे. फक्त सप्टेंबरच्या मध्यात चार रात्री उघडीप मिळाली तर इझोबेलबाईंसारखं दुर्बीण उचलून पूर्वेकडे जाता येईल एवढंच बघून ठेवलंय. पाथर्डीच्या अलीकडे आत्याच्या शेतातली विहिरीजवळची जागा मला पसंत आहे, दक्षिणेला एकही दिवा नाही.

घरातल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवतो : २०३२ चा डिसेंबर नगरला. धाकट्यांनी रजा टाका, मोठ्यांनी गुडघे सांभाळा. गच्चीच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा यंदाच बसवून घेतला आहे.